दान कोणाच्या हातात? फासे, मनोरे आणि अ‍ॅप यांचा खरेपणा

फाशांच्या खेळात हरलेल्या माणसाच्या दोन ठरलेल्या तक्रारी असतात. समोरासमोर खेळत असेल तर "तो फासा टाकत नाही, ठेवतो". फोनवर खेळत असेल तर "हे अ‍ॅप मुद्दाम मला सहा देत नाही". पहिल्या तक्रारीत कधी कधी तथ्य असतं, दुसरीत बहुतेक वेळा नसतं. पण दोन्ही हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. बॅकगॅमन हा दोन फासे आणि प्रत्येकी पंधरा सोंगट्यांचा खेळ घ्या. त्याच्या स्पर्धांमध्ये याच शंकांपायी फासे कशातून टाकायचे, कधी उचलायचे, कुठे पडले तर मोजायचे, हे सगळं नियमांनी बांधलेलं असतं. पारंपरिक नियम असा की दान पटाच्या उजव्या भागातच पडलं पाहिजे. एक फासा सोंगटीवर चढून तिरका राहिला, तर दोन्ही फासे पुन्हा टाकायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? फासा कंपनीतून नीट घडून आला की झालं, नाही का? तसं नाही.

"खरं दान" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

आपण सरसकट "रँडम" म्हणून मोकळे होतो, पण त्या एका शब्दात तीन मागण्या दडलेल्या असतात. पहिली समसमानतेची: सहाही बाजूंना सारखी संधी हवी. दुसरी, अंदाज येता कामा नये: मागची दानं पाहून पुढचं दान ओळखता येऊ नये. तिसरी, हात चालता कामा नये: खेळणाऱ्याला किंवा खेळवणाऱ्याला दान आपल्याकडे वळवता येऊ नये.

एक पुरी झाली म्हणजे बाकीच्या दोन पुऱ्या झाल्या, असं होत नाही. १, २, ३, ४, ५, ६ असं ओळीनं देत राहणारं यंत्र अगदी समसमान असतं आणि खेळायला पूर्ण निकामी.

हा नुसता तर्क नाही. "कटान" या खेळात दोन फाशांच्या बेरजेवर सगळं चालतं. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. त्यातल्या सहा जोड्यांची बेरीज ७ येते, २ आणि १२ यांना मात्र एकेकच जोडी. नशिबाचे हेलकावे नको असणाऱ्यांसाठी फाशांऐवजी वापरायचा ३६ पानांचा गठ्ठा निघाला, त्यात बेरजा बरोबर याच प्रमाणात. पण सातची सहाही पानं निघून गेली, की गठ्ठा पुन्हा पिसेपर्यंत सात येणारच नाही, हे मोजणाऱ्याला कळतं. म्हणून तळाच्या पाच पानांवर एक खास पान ठेवतात, ते निघालं की गठ्ठा पुन्हा पिसायचा. समसमानता वाढवली की अंदाज येऊ लागतो, तो झाकायला ती पाच पानं.

फासा खोटा असतोच, पण कितीसा?

डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये बारा फाशांच्या २६,३०६ फेकींची नोंद केली. म्हणजे ३,१५,६७२ दानं. फासे खरे असते तर ५ किंवा ६ साधारण १,०५,२२४ वेळा पडायला हवे होते. पडले १,०६,६०२ वेळा. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं १९०० मध्ये हीच आकडेवारी घेऊन, अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांमधली तफावत निव्वळ योगायोगानं पडू शकते का हे तपासणारी आपली "काय-वर्ग चाचणी" मांडली. उत्तर स्वच्छ होतं: एवढी तफावत योगायोगाची नव्हे.

सहज सुचणारं कारण ठिपक्यांचं. साध्या फाशावर ठिपके म्हणजे कोरलेले खळगे. सहाच्या बाजूचा माल सर्वात जास्त खरवडला जातो, तिच्या समोरच्या एकच्या बाजूचा सर्वात कमी. जड बाजू खाली बसायला बघते, म्हणून सहा किंचित जास्त वर येतो. पाच आणि दोनचंही तेच.

गंमत पुढे आहे. २००९ मध्ये शिकागो विद्यापीठात फासे हलवणारं आणि कॅमेऱ्यानं वाचणारं यंत्र बांधून या २६,३०६ फेकी पुन्हा केल्या गेल्या. त्यात पाच-सहाचा जोर ठळकपणे दिसला नाही. जास्त आले ते एक आणि सहा, दोन्ही. खळग्यांनी सहा वाढला असेल तर एक कमी व्हायला हवा होता. मोजमाप घेतल्यावर दिसलं की ते फासे मुळात घन नव्हते. एक आणि सहा यांच्यामधलं अंतर बाकीच्या जोड्यांपेक्षा थोडं कमी होतं, त्यामुळे फासा त्या दोन बाजूंवर जरा जास्त वेळा बसत होता. म्हणजे खळग्यांपेक्षा घडणीतली चूक भारी पडली.

कॅसिनोत या दोन्ही वाटा बंद केलेल्या असतात. साधारण १९ मिलिमीटरचा फासा, मापात फरक चालणार तो इंचाच्या दोन हजाराव्या भागाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. ठिपके कोरून त्यात तेवढ्याच घनतेचा रंग भरतात आणि पृष्ठभाग सपाट करतात. फासा पारदर्शक, म्हणजे आत शिसं दडवलं तर दिसेल. बॅकगॅमनच्या स्पर्धांचे चांगले फासेही याच पद्धतीचे, फक्त कोपरे थोडे गोलसर.

आता वेल्डनच्या तफावतीकडे खेळाडूच्या नजरेनं पाहा. हजार दानांत पाच-सहा मिळून ३३३ ऐवजी ३३८ वेळा पडले. पाच दानांचा फरक. एका संध्याकाळच्या खेळात हा फरक पटावर दिसणार नाही, आणि तुम्ही त्यापायी हरलात हे तर मुळीच म्हणता येणार नाही.

घरचा फासा तपासता येतो का?

लबाडी तपासता येते. घडणीतला बारीक दोष घरी तपासण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

सहाशे वेळा फासा टाकलात तर प्रत्येक बाजू सरासरी शंभरदा यायला हवी. पण पूर्ण खऱ्या फाशातही एखादी बाजू ८२ वेळा आली किंवा ११८ वेळा आली, तरी फाशावर आळ घेता येत नाही, योगायोगाचा पल्लाच तेवढा मोठा आहे. वेल्डनच्या फाशांइतका दोष असेल तर सहा शंभराऐवजी सरासरी १०१ वेळा येईल. हा एक त्या अठराच्या गर्दीत सापडणार कसा? उलट कोणी वजन भरून सहा चारातून एकदा पडेल असं केलं असेल, तर सहाशेत दीडशे सहा येतील आणि चोर उघडा पडेल.

खारट पाण्याची युक्तीही बरीच प्रसिद्ध आहे. पाण्यात भरपूर मीठ विरघळवून फासा तरंगवायचा, बोटानं पुन्हा पुन्हा उलटवायचा, आणि तीच बाजू सारखी वर येते का ते पाहायचं. यातून वजन मधोमध आहे की नाही एवढंच समजतं. माप चुकलंय का, हे अजिबात समजत नाही. शिवाय पाण्यात फासा इतका सैल असतो की टेबलावर कधीच जाणवणार नाही असा दोषही तिथे ठळक होऊन दिसतो. आणि स्पर्धेतले सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे फासे बहुधा बुडतातच. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं तरी त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास, आणि हे प्लॅस्टिक साधारण १.३ चं.

खरा धोका हाताचा

फाशापेक्षा हाताची भीती जास्त, हे जुगाऱ्यांना गणितज्ञांच्या आधी कळलं. फासा जमिनीलगत असा सोडता येतो की तो एकाच आसाभोवती गडगडतो. मग आसाच्या टोकांवरच्या दोन बाजू वर येतच नाहीत. एक आणि सहा टोकांवर धरले, तर उरल्या चारच शक्यता. दुसरा प्रकार म्हणजे फासा उभ्या आसावर भिरभिरत पुढे जातो, लोळल्यासारखा दिसतो, पण वरची बाजू वरच राहते. "ठेवतो" म्हणतात ते हेच.

पोलंडमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये फाशाच्या फेकीचं गणित मांडलं. त्यांचा निष्कर्ष असा की सुरुवातीला जी बाजू खाली होती, तिच्यावरच फासा बसण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त असते. जितक्या उसळ्या जास्त, तितकी ही आठवण पुसली जाते. फासे हलवायचा पेला, फासे वरून सोडायचा मनोरा, भिंत, सगळ्यांचं काम एकच: पुरेशा धडका देणं. कॅसिनोत फासे समोरच्या भिंतीवर आदळलेच पाहिजेत, आणि त्या भिंतीवर रबराचे छोटे पिरॅमिड असतात, म्हणजे फासा कुठल्या कोनात परतेल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

बॅकगॅमनच्या पेल्याला तोंडाशी आतून कडा असते. दोन फासे हातचलाखीनं सरकवून सोडू पाहिलेत तर ते त्या कडेला अडखळतात. तरी पेला शेवटी हातातच असतो. म्हणून अनेक स्पर्धांत बॅफल बॉक्स वापरतात: वरून तोंड उघडं, आत एकीला डावा तर पुढचीला उजवा उतार अशा तिरक्या फळ्या, खाली दार. फासे एका फळीवरून दुसरीवर आपटत खाली येतात आणि पटावर सांडतात. तुम्ही वर काय कसब दाखवलं ते पहिल्या दोन धडकांतच संपतं.

ही कल्पना आजची नाही. १९८५ मध्ये जर्मनीत फ्रॉइट्सहाइमजवळ चौथ्या शतकातला रोमन फासे-मनोरा सापडला. कांस्याचा, आत तिरक्या पट्ट्या, खाली छोट्या पायऱ्या आणि दान बाहेर पडताना वाजणाऱ्या घंट्या. वर लॅटिनमध्ये मजकूर: पिक्ट (उत्तर ब्रिटनमधले रोमनांचे शत्रू) हरले, शत्रू संपला, निर्धास्त खेळा. रोमन लोकांनाही एकमेकांच्या हातावर भरवसा नसावा.

मनोरा काय करत नाही, हे मात्र विकणारे सांगत नाहीत. तो फक्त तिसरी मागणी पुरवतो. आत टाकलेला फासा वजन भरलेला असेल तर तो मनोऱ्यातूनही वजनदारच बाहेर येणार. आत एकच उतार असलेला बुटका मनोरा तर शोभेचा समजा. पारदर्शक घुमट दाबला की आत फासा उडतो, त्या खेळण्याचीही हीच अडचण: जोरात दाबलं तर ठीक, अलगद दाबलं तर फासा जागच्या जागी हलतो आणि आहे ती बाजू टिकते.

मग स्पर्धेत न्याय होतो तो कशानं?

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे दोघांना एकच फासा. फासा थोडा सहाकडे झुकतो ना? झुकू दे. दोघांसाठी सारखाच झुकेल. घड्याळ लावून खेळल्या जाणाऱ्या बॅकगॅमनमध्ये आता बऱ्याच ठिकाणी पटावर एकच जोडी असते, माझी खेळी संपली की तेच फासे तुम्ही उचलता. जिथे प्रत्येकाची वेगळी जोडी असते, तिथे डाव सुरू होण्याआधी फासे मिसळायची मागणी करता येते: चारही फासे एकत्र करायचे आणि आळीपाळीनं एकेक निवडायचा. कोणी खास फासा आणला असेल तर तो आपल्याकडेच येईल याची त्याला खात्री उरत नाही. शून्य खर्चात.

अपवाद दोन. एक, फाशाचा कल फक्त एकालाच माहीत असेल तर तो त्याप्रमाणे सोंगट्या लावेल, दुसरा लावणार नाही. दोन, नियमच दोघांना सारखे नसतील तर. "रिस्क" या युद्धाच्या पटखेळात हल्ला करणाऱ्याचा आणि बचाव करणाऱ्याचा आकडा सारखा आला तर बचाव करणारा जिंकतो. फासा कुठल्याही बाजूला झुकलेला असो, दोघांना सारखाच आकडा पडण्याचं प्रमाण वाढतंच, आणि त्या बरोबरीचा फायदा एकालाच मिळतो. अशा खेळात फाशाचा खरेपणा खरोखर महत्त्वाचा.

अ‍ॅपमध्ये फासा असतो कुठे?

कुठेच नसतो. संगणक सूत्रानं एकामागून एक आकडे काढतो. आकड्यांनी भरलेली एक अवाढव्य वही समजा: आकडे इतके विस्कळीत की ओळ सापडू नये, पण वही मात्र ठरलेली. कोणत्या पानापासून वाचायचं ते ठरवणाऱ्या आकड्याला "सीड" म्हणतात. सीड कळलं की पुढची सगळी दानं कळली.

१९९९ मध्ये ऑनलाइन पोकरमध्ये हेच घडलं. पत्ते पिसण्यासाठी मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद सीड म्हणून घेतले जात होते. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो किरकोळ. सर्व्हरच्या घड्याळाचा अंदाज घेऊन संशोधकांनी शक्यता आणखी कमी केल्या आणि काही पत्ते दिसताच उरलेला गठ्ठा ओळखून दाखवला. "मर्सेन ट्विस्टर" ही भरपूर वापरली जाणारी पद्धत समसमानतेत उत्तम, तरी तिचे सलग ६२४ पूर्ण आकडे हाती आले की पुढचे सगळे काढता येतात. घरी सरावाला चालेल, पैसे लावलेल्या खेळाला नाही.

दुसरी चूक बारीक आणि मजेशीर आहे. समजा संगणकानं ० ते २५५ मधला आकडा दिला आणि प्रोग्रॅमरनं त्याला सहानं भागून बाकी घेतली आणि तीत एक मिळवला. २५६ ला सहानं पूर्ण भाग जात नाही, २५२ पर्यंत जातो. वर उरलेले चार आकडे १, २, ३, ४ यांच्या पदरात पडतात. त्यांना २५६ पैकी ४३ संधी, पाच आणि सहाला ४२. उपाय साधा: २५२ किंवा त्यापुढचा आकडा आला तर तो फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा.

"पण मला सहा पडतच नाही!"

लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो. दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चौघे खेळत असतील तर चौघांपैकी निदान एकावर ही वेळ येण्याची शक्यता किती? जवळपास निम्मी. म्हणजे चौघांच्या दर दोन डावांत एकदा कोणीतरी पहिली दहा दानं नुसता बसून काढतो, आणि तो आयुष्यभर ते विसरत नाही. पुढे दोन सहा लागोपाठ पडले ते मात्र कोणी लक्षात ठेवत नाही.

ही समजूत किती चिवट असते याचं माझं आवडतं उदाहरण गेम्सबायईमेल या संकेतस्थळाचं. खेळाडू सारखे तक्रार करत की संगणकाची दानं खोटी आहेत. शेवटी चालवणाऱ्यानं सुमारे सात फूट उंचीचं खरंखुरं यंत्र बांधलं. फासे वर न्यायचे, खाली सांडायचे, कॅमेऱ्यानं वाचायचे, दिवसाला तेरा लाखांहून जास्त दानं. यंत्रातल्या फाशांना खळगे असतात, माप थोडं चुकलेलं असतं. नीट लिहिलेला प्रोग्रॅम त्याहून समसमान असतो. पण खळखळाट ऐकू आला की माणसाचा विश्वास बसतो.

मालकानंच फिरवलं तर?

ही शंका मात्र रास्त आहे, विशेषतः पैसे गुंतलेले असतील आणि समोरचा खेळाडू कंपनीचा बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्रॅम, असू शकत असेल तर. चार-दोन डाव पाहून ती खरी-खोटी करता येत नाही, सहाशे दानांचं गणित आपण वर पाहिलंच.

काही ठिकाणी यावर उपाय असा केलेला असतो. सर्व्हर डावाआधी एक गुप्त मजकूर ठरवतो आणि त्याचा "हॅश" जाहीर करतो. हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला लहान संकेत: मजकुरावरून हॅश झटकन काढता येतो, हॅशवरून मजकूर नाही, आणि त्याच हॅशचा दुसरा मजकूर शोधणंही अशक्यप्राय. मग तुम्ही तुमचा आकडा देता, आणि दोन्ही मिळून दानं ठरतात. डाव संपला की गुप्त मजकूर उघड होतो, कोणीही पडताळून पाहावं. दान वळवणं यानं बंद होतं. अंदाज मात्र बंद होत नाही. तुमचा आकडा मिळताच सर्व्हरला अख्ख्या डावाची दानं कळतात, आणि त्याचा बॉट ती पाहून खेळत असेल तर पडताळणीत काहीच वावगं दिसणार नाही.

दोन माणसांना दूर बसून, कोणावरही विश्वास न ठेवता दान टाकायचं असेल तर वाट आहे. संगणकशास्त्रज्ञ मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ मध्ये फोनवरून नाणेफेक कशी करावी हे मांडलं, त्याच जातीची. दोघांनी १ ते ६ मधला एकेक आकडा मनात धरायचा, आपापला हॅश पाठवायचा, मग आकडे उघड करायचे. बेरीज सहाच्या वर गेली तर सहा वजा. चार आणि पाच म्हणजे नऊ, म्हणजे तीन. दोघांपैकी एकानं जरी आकडा खरोखर अंदाधुंद निवडला असेल, तरी दान खरं, दुसऱ्यानं स्वतंत्रपणे कुठलाही आकडा धरलेला असो.

फक्त नुसत्या "४" चा हॅश पाठवू नका. समोरचा सहाही आकड्यांचे हॅश काढून तुमचा ओळखेल, म्हणून आकड्यामागे वीस-तीस अंदाधुंद अक्षरं जोडायची. आणि एक नियम आधीच ठरवून टाकायचा, कारण शेवटची पळवाट तिथेच आहे: तुमचा आकडा पाहून, बेरीज आपल्या विरुद्ध जातेय हे लक्षात आल्यावर, समोरचा "नेट गेलं" म्हणून आपला आकडा उघडच करणार नाही. ठरलेल्या वेळेत आकडा उघडला नाही, तर तो डाव हरला.